हेल्मेटवाल्या जवानाचा सलाम

दीपमालेनं आपल्या बापाला फसवलं तेव्हा तिच्या अंगात चंदेरी जाकीट होतं आणि बाहेर अमरावतीचं ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं होतं. जाकीट शिबिराचं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत नववी ते बारावीच्या पोरांना सायबर सुरक्षा शिकवायची, पण नुसती शिकवून कसं भागेल, म्हणून आयोजकांनी सगळा मामला अंतराळात नेला होता. कॉलेजच्या हॉलला यान म्हणायचं, मेसला अन्नकक्ष, सकाळच्या पोह्यांना अवकाश-आहार. थर्माकोलचा एक शनी पंख्याच्या दांड्याला टांगला होता. पंखा लावला की त्याचं कडं गळून पडायचं, म्हणून पंखा बंद. चाळीस पोरं जाकिटात घामानं निथळत बसलेली, आणि हे म्हणे पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर.

दीपमाला खंडारे अकोल्याची. अकरावीची परीक्षा देऊन आलेली. वडील किसनराव डाळ मिलवर चौकीदार, आई सुंदराबाई जवळच्या शाळेत खिचडी शिजवते. दहा दिवसांचं हे शिबिर तिला चाचणी देऊन फुकट मिळालं होतं, आणि पहिल्या आलेल्या तुकडीत ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला लॅपटॉप होता. ती आजवर जे काही शिकली ते भावाच्या जुन्या मोबाइलवर, काच तडकलेल्या. त्यामुळे लॅपटॉप हा शब्द ऐकला की ती हातातलं काम थांबवायची.

खंडाऱ्यांच्या घरात एक नियम होता. फोनवर काहीही आलं, वीज तोडणार म्हणून आलं, बँकेतून बोलतोय म्हणून आलं, की आधी दीपाला विचारायचं. ती नववीत असताना किसनरावांना असाच एक संदेश आला होता आणि तिनं तो खोटा आहे हे ओळखून त्यांचा हात धरला होता. तेव्हापासून किसनराव तिला विचारल्याशिवाय फोनवर बोट टेकवत नसत. शेजारची गोदाबाईसुद्धा भर दुपारी फोन घेऊन दारात उभी राहायची. दीपा हो म्हणाली म्हणजे हो, नाही म्हणाली म्हणजे नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या शब्दाला एवढी किंमत असलेलं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आठव्या दिवशी शिबिरात शिकवणाऱ्या सौमित्र सरांनी ‘गळ’ नावाची मोहीम सांगितली. सर अमरावतीच्या राजापेठेतलेच, पुण्याला चार वर्षं नोकरी करून परतलेले, पोरांशी बरोबरीनं बोलणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मोहीम अशी, की प्रत्येकानं शिबिराबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाला खोटा संदेश पाठवायचा. पैसे मागायचे नाहीत, खऱ्या कार्यालयाचं नाव घ्यायचं नाही. समोरच्यानं लिंक दाबली तर दहा गुण, पुढच्या पानावर माहिती भरली तर वीस. आणि कुणाला तरी विचारून, खात्री करून घेऊनही त्यानं माहिती भरली, तर पन्नास. माहिती भरली की त्याला आपोआप एक पान दिसणार होतं, हा फक्त सराव होता असं सांगणारं.

“लोकांना मूर्ख समजू नका,” सर म्हणाले. “माणूस मूर्खपणानं फसत नाही. त्याला जे हवं असतं, त्यापायी फसतो. ज्याला गाठायचंय त्याला काय हवंय ते आधी शोधा.”

दीपमालेला शोधावं लागलं नाही. तिच्या घरात पाच वर्षं सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. थोरला स्वप्निल सव्वीस वर्षांचा, पोलीस भरतीच्या प्रतीक्षा यादीत चौथा. त्या यादीची मुदत जूनअखेर संपणार होती आणि गेल्या आठ महिन्यांत यादी जागची हलली नव्हती. तोवर तो वरूडला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याची गाडी चालवत होता. अचलपूरच्या बुधाजी तेलगोट्यांची करिश्मा त्याच्या मनात होती आणि तिच्या मनात हा. पण बुधाजींनी तोंडावर सांगून टाकलं होतं, दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याला पोरगी देणार नाही. दोन वर्षं ती गोष्ट लोंबकळत पडली होती.

दीपमालेनं संदेश लिहिला. ‘प्रतीक्षा यादी क्रमांक ४, खंडारे स्वप्निल किसनराव. आपली निवड निश्चित करण्यात आली आहे. संमती नोंदवण्यासाठी आज सायंकाळी पाचपर्यंत खालील दुव्यावर माहिती भरावी.’ स्वप्निलनं अर्जात नंबर वडिलांचा दिला होता, म्हणून संदेशही त्यांनाच. ‘करण्यात आली आहे’ आणि ‘भरावी’ हे शब्द तिला फारच जमून आल्यासारखे वाटले. सौमित्र सरांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, “वा, एकदम पक्कं.” हा स्वप्निल तिचा कोण, त्याची खरंच अशी यादी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

शिबिरात पोरांच्या तुकड्यांनाही यानच म्हणत; तिच्या तुकडीचं नाव रोहिणी, आणि कप्तान होती इशिता, अमरावतीच्या एका वकिलाची मुलगी. इशितानं आपल्या वडिलांना एका नव्या पक्षकाराच्या नावानं काहीतरी पाठवलं होतं. रविकांत वकिलांनी उलट लिहून पाठवलेल्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि वडिलांचं नाव मागितलं. वडिलांच्या नावावर सगळे खूप हसले, पण गुण शून्य. रोहिणी यान चाळीस गुणांनी मागे पडलं होतं.

मोहिमेपुरते फोन कपाटातून काढून हातात दिले होते. दीपमालेचा फोन वीस मिनिटांत वाजला. ती व्हरांड्यात गेली.

“बाई, कामात हाय का तू?”

“नाई बाबा, बोला ना.”

“फोनवर एक आलं हाय. स्वप्निलचं. म्या काई दाबलं नाई अजून.” किसनराव खाकरले. “थांब, तुले वाचून दावतो.”

आणि ते वाचू लागले. एकेक अक्षर लावत, मध्ये थांबत, पुन्हा मागे जात. तिनं अर्ध्या तासापूर्वी टाइप केलेले शब्द तिला वडिलांच्या तोंडून ऐकावे लागले. ‘निश्चित’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मिलचं यंत्र मागे घरघरत होतं, म्हणजे ते गेटवरच उभे होते.

“खरं हाय का हे, बाई?”

काचेपलीकडून इशिता पाहत होती. तिनं पाच बोटं दाखवली, मग मूठ मिटून शून्य केलं. पन्नास. विचारून, खात्री करून घेऊनही.

इथं थांबता आलं असतं. बाबा, खेळ आहे हा, असं म्हटलं असतं तर किसनराव फार तर थोडे रुसले असते. पण तिला वाटलं, पाच मिनिटांचाच प्रश्न आहे, पुढचं पान त्यांना सांगेलच. खरं सांगायचं तर तिला हेही वाटलं नाही. तिला फक्त पन्नास दिसले.

“हाव बाबा, खरं हाय,” ती म्हणाली. “भरा तुमी.”

किसनराव फोन ठेवायलाही विसरले, आणि ते कुणाला तरी हाक मारत धावत गेल्याचं तिला ऐकू आलं.

ते शेवटचं पान कॉलेजच्या पोरांनी बनवलं होतं आणि सगळं इंग्रजीत होतं. त्यात हिरवी बरोबरची खूण आणि तिच्याखाली कपाळाला हात लावून उभा असलेला अंतराळवीर, काचेचं गोल हेल्मेट घातलेला. किसनरावांनी ते पान मिलमधल्या सगळ्या हमालांना दाखवलं. हे पाहा, ते म्हणाले, हेल्मेटवाला जवान सलाम करून राहिला. दंगलीच्या वेळी पोलीस असंच हेल्मेट घालतात, हे सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वरूडला स्वप्निललाही फोनवर एवढंच कळलं, की दीपानं खरं म्हटलंय.

फोन पुन्हा कपाटात गेले. शिबिराचे शेवटचे दोन दिवस ‘संपर्क तुटला’ म्हणून ठरलेले होते. यान पृथ्वीपासून दूर गेलंय, आता जे काही करायचं ते आपल्या बळावर. दीपमाला संध्याकाळी सरांकडे गेली.

“सर, घरी एक फोन करायचा होता.”

“काही तातडीचं आहे का?”

एक शब्द पुरला असता. पण रोहिणी यान आता पहिलं होतं आणि नियम मोडला की दहा गुण कापत.

“नाही सर, तसं काही नाही,” ती म्हणाली.

समारोपाला तिला लॅपटॉप मिळाला. गळ्यात फीत घातली, प्रमाणपत्र दिलं; त्यावर रॉकेट होतं आणि ‘मोहिमेची सर्वोत्तम कमांडर’ असं लिहिलं होतं. टाळ्या पडल्या. मग फोन परत मिळाला आणि तिनं तो सुरू केला.

सतरा हुकलेले कॉल. आईचा आवाज, “बाई, तू कवा येशीन वं, समदे तुलेच विचारून राहिले.” मग फोटो. गोदाबाईच्या तोंडात पेढा. विहारात वंदनेला बसलेलं सगळं घर. नव्या पांढऱ्या शर्टात स्वप्निल, दाढी गुळगुळीत केलेली, आणि शेजारी करिश्मा, मान खाली घालून हसणारी. खाली स्वप्निलनं लिहिलं होतं, ‘साक्षगंध रविवारी. तुह्या हातानं लाभलं पाह्य हे. तू हो म्हटलं तवाच बाबाचा जीव खाली पडला.’

म्हणजे साखरपुडा ठरला होता. ती थर्माकोलच्या शनीखाली खुर्चीवर बसून राहिली. इशितानं विचारलं काय झालं, तर तिला सांगता येईना. फोनवर हे कुणाला सांगणार होती ती?

बसनं घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सुंदराबाई दारातच उभी होती. घरात पाहुण्यांनी आणलेला फळांचा पुडा, नवे बूट, ट्रेनिंगला न्यायची नवी पेटी. स्वप्निलनं वरूडची नोकरी परवाच सोडली होती आणि व्यापाऱ्यानं त्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर लावला होता. तिला पाहून तो पुढे आला आणि लॅपटॉपची पिशवी हातात घेऊन म्हणाला, “मोठी झाली वं तू.”

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. बसली असती तर बोलता आलं नसतं. संदेश मी लिहिला, शिबिरातला खेळ होता, तो जवान पोलीस नव्हता. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

सुंदराबाई आधी हसली. तिला वाटलं पोरगी गंमत करते आहे. मग तिनं पोरीचा चेहरा पाहिला आणि खाली बसली.

 किसनरावांना राग आला असता तर बरं झालं असतं, त्यांनी हात उगारला असता तर तिनं तो आनंदानं सोसला असता. पण ते नुसते तिच्याकडे पाहत होते, हिशेब कुठं चुकला ते कळत नसल्यासारखे.

“पन म्या तुले विचारलं होतं, बाई,” ते म्हणाले. “म्या दाबलं नव्हतं. तुले विचारलं होतं आधी.”

“हाव, बाबा.”

“मंग?”

 लॅपटॉपसाठी, असं म्हणायची तिची छाती झाली नाही, आणि ते सगळ्यांना दिसतच होतं. पिशवी अजून स्वप्निलच्या हातात होती. त्यानं ती हळूच टेबलावर ठेवली, कुठं आपटू नये अशी, आणि बाहेर निघून गेला.

तो परत आला तेव्हा जेवणं झाली नव्हती, कुणी वाढलंच नव्हतं. चपला काढता काढता तो म्हणाला, “उद्या सकायच्या गाडीनं अचलपूर. रविवारच्या आधी त्याईले सांगा लागन. तू चाल माह्यासंगं.”

“मी?”

“माह्या तोंडून बहाना वाटन. लेकराच्या तोंडून खरं वाटते. आन् तुह्यापाशी कागद हाय.”

त्यानं तिला एकही वाईट शब्द काढला नाही. सकाळी बसमध्येही खिडकीची जागा तिलाच दिली. अकोटला त्यानं पाण्याची बाटली घेतली आणि आधी तिच्यापुढे धरली. हे असं वागणं सोसायला किती जड जातं, ते ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच ठाऊक. वाटेत एकदाच तो बोलला, तेही स्वतःशीच. “परवा याच गाडीनं गेल्तो.”

बुधाजी तेलगोटे जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, सरळ पाठीचे आणि सरळ बोलण्याचे. त्यांनी जावयाला पाहिलं आणि आतल्या खोलीकडे हाक दिली, “करिश्मा, पानी आन वं. जवाईबापू आले.” भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना परवाचे हार अजून होते. बाजेवर साक्षगंधाला बोलवायच्या लोकांची यादी पडली होती.

दीपमालेनं पुन्हा सगळं सांगितलं. काल घरी दोन मिनिटांत झालेलं आज संपता संपेना. शिबिर म्हणजे काय, गळ म्हणजे काय, गुण कसले, यान कसलं, हे सगळं बुधाजींना सांगावं लागलं, आणि सांगता सांगता तिच्याच कानाला ते थापेबाजी वाटायला लागलं. बुधाजी मान न हलवता ऐकत होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

“कागद दाव.”

तिनं प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, उलटून पाठीमागं पाहिलं, पुन्हा वाचलं. करिश्मा पाण्याचे पेले घेऊन दारात थांबली होती.

“याच्यात रॉकेट हाय,” बुधाजी म्हणाले. “आभाळात जाची गोष्ट हाय. पोलीस भरतीचं कुठं हाय याच्यात?”

“ते त्यात नसतं, मामाजी. ते फक्त सराव...”

“कोनतं शिबिर पोरीले शिकवते का बापाले फसव?” त्यांचा आवाज चढला नाही. “आन् कोनती पोरगी आपल्या भावासंगं असं करीन? म्या तीस वर्षं शाळेत काढले, बाई. लेकराले काय शिकवून पाठवते अन् लेकरू काय बोलते, मले समजते.” मग ते स्वप्निलकडे वळले. “निवड झाली नाई तर नाई. आदीच सांगतलं असतं तर मी तुले मानूस म्हनलं असतं. खोटं सांगून शबूद घेतला आमचा. आन् आता पांघरून घालाले लहान बहीन आनली.”

“नाही मामाजी,” दीपमाला म्हणाली. “खरंच मी लिहिलं. तुमी सरांना फोन लावा, मी नंबर देते. माझी शपथ.” तिला रडू फुटलं, आणि रडणाऱ्या पोरीवर बुधाजींचा विश्वास आणखीच उडाला. त्यांनी प्रमाणपत्र नीट घडी करून तिच्या हातात ठेवलं.

तिनं भावाकडे पाहिलं. तो बोलेल, सांगेल, तिची बाजू लावून धरेल. स्वप्निल दारातल्या करिश्माकडे पाहत होता. करिश्मानं मान खाली घातली होती.

“चूक माही हाय, मामाजी,” स्वप्निल म्हणाला. “हिच्या अंगावर काई घेऊ नका. म्याच सांगितलं होतं हिले बोलाले.”

“दादा...”

“गप्प ऱ्हाय.”

तिच्यावर आवाज चढवला तो दोन दिवसांत तेवढाच. बुधाजींनी यादी उचलून शर्टाच्या खिशात घातली. करिश्मा पाणी तसंच घेऊन आत गेली. कुणी या म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. ते दोघं आपले उठले आणि बाहेर आले.

शेजारच्या परतवाड्याच्या स्टँडपर्यंत ती त्याच्या मागे मागे चालत होती. ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं.

“काहून म्हटलं तू असं?” तिनं शेवटी विचारलं. “माह्यामुळं झालं ना सारं. मले खोटं ठरवलं तरी चाललं असतं.”

“तुले त्यानं ठरवलंच होतं खोटं,” स्वप्निल म्हणाला. “त्याच्यानं माहं काई परत येत नव्हतं. गावात दोघं खोटे काहून व्हाचे? तुले अजून शिकाचं हाय. माहं झालं आता.”

‘माहं झालं आता’ हे त्यानं अगदी साधं म्हटलं. सव्वीस वर्षांचा माणूस, आणि गाडी लागली का पाहावं तसं म्हणाला. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला शिक्षा झाली असती तर आपण तरलो असतो. ती शिक्षाही यानं काढून घेतली होती.

अकोल्याची बस अर्धी रिकामी होती. ते मागच्या बाकावर बसले. बस सुटली तसा स्वप्निलचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, थोडा वेळ वाजू दिला, आणि तिच्या हातात दिला.

“बाबा हाय. तू बोल. मले जमत नाई.”

तिनं फोन कानाला लावला. मागे मिलचं यंत्र घरघरत होतं.

“पोचले का तुमी? काय म्हनले बुधाजी?”

“नाई म्हनले, बाबा,” ती म्हणाली. “तुटलं. दादानं समदं आपल्या अंगावर घेतलं.”

  बस अंजनगावच्या रस्त्याला लागली होती आणि स्वप्निल डोळे मिटून डोकं खिडकीच्या दांडीला टेकवून बसला होता.

“बाई,” किसनराव हळूच म्हणाले, “खरं सांगून राहिली ना तू? का हे बी त्या शिबिरातलंच हाय?”

त्यांच्या आवाजात आशा होती.